इंचाचं इंजिन, मिलिमीटरचा पाना

चंडीगडचं कॅपिटल कॉम्प्लेक्स आज जिथे आहे, तिथे १९५१ च्या मार्चमध्ये नुसती शेतं होती. २८ तारखेला त्या शेतांतून एक जीप फिरत होती. आत फ्रान्सहून आलेला वास्तुकार ल कॉर्ब्युझिए, त्याचा भाऊबंद पिएर जानरे, इंग्रज वास्तुकार मॅक्सवेल फ्राय आणि पंजाबचे मुख्य अभियंता वर्मा. कॉर्ब्युझिएजवळ फिल्मच्या डबीत गुंडाळून ठेवलेली एक मापपट्टी असायची. त्याने स्वतः बसवलेल्या ‘मोड्युलर’ या मापपद्धतीची ती पट्टी. त्या फेरीत डबी जीपमधून कुठेतरी पडली आणि पुन्हा सापडली नाही. हे त्याने स्वतःच लिहून ठेवलंय. वर असंही म्हटलंय की पट्टी मातीत गेली ते बरंच झालं, आता तिथून अख्खं शहर त्या मापात उगवेल. कलावंत माणूस, हरवलेल्या वस्तूचाही पायाभरणी समारंभ करतो!

पट्टी होती मीटर आणि फूट-इंच यांचं भांडण मिटवण्यासाठी. आधी त्याने १७५ सेंटिमीटर उंचीचा माणूस प्रमाण धरला होता. त्यातून निघणारे आकडे मीटरमध्ये ठीक बसत, पण फूट-इंचात नेले की अपूर्णांकांचा नुसता चिखल व्हायचा. मग त्याच्या एका सहकाऱ्याने सुचवलं, इंग्रजी डिटेक्टिव्ह कादंबऱ्यांतले देखणे पोलीस नेहमी सहा फुटांचे असतात, तसा माणूस घ्या. सहा फूट म्हणजे १८२.८८ सेंटिमीटर, त्याने १८३ धरले. आणि गाडी रुळावर आली. १८३ सेंटिमीटर म्हणजे ७२ इंच, हात वर केलेला माणूस २२६ सेंटिमीटर म्हणजे ८९ इंच, नाभीची उंची ११३ म्हणजे साडेचव्वेचाळीस इंच. दोन्ही पट्ट्यांवर सुटसुटीत आकडे. मात्र हे जमलं कसं? दोन्ही मापं जिथे एकमेकांच्या अगदी जवळ येतात तेवढ्याच खुणा त्याने निवडल्या, आणि उरलेला फरक काँक्रीटने पोटात घेतला. १.२ मिलिमीटरने उंच झालेला माणूस भिंतीवर कुणाला कळतो?

इंजिनाला कळतो. हा लेख त्यासाठी आहे.

ज्या जीपमधून पट्टी पडली, ती बनावटीने शुद्ध इंची होती. देशही तेव्हा इंचातच होता. कॅपिटलमधल्या उच्च न्यायालयाचं उद्घाटन १९५५ साली झालं तेव्हा फूट-पाउंड हीच सरकारी मापं होती. १९५६ मध्ये वजनमापांचा कायदा आला. सचिवालय पुरं झालं त्या १९५८ च्या ऑक्टोबरपासून मेट्रिक पद्धत टप्प्याटप्प्याने लागू होऊ लागली. त्याच सुमारास देशात तयार झालेल्या किंवा जुळवलेल्या गाड्या आज आपल्याकडच्या हौशी लोकांच्या अंगणात उभ्या आहेत, आणि त्यांना हात लावणारा मिस्त्री मिलिमीटरच्या पान्यांचा डबा घेऊन येतो. निम्मी दुखणी तिथून सुरू होतात. ‘इंच चांगला की मिलिमीटर’ या वादात शिरू नका, त्यातून कुठलंच इंजिन सुरू होत नाही. यंत्र ज्या मापात जन्मलं त्याच मापात त्याला हात लावायचा, आणि रूपांतर करायची वेळ आलीच तर ते शेवटी, कागदावर, पूर्ण दशांशांसह करायचं. बाकी सगळं याचाच तपशील आहे.

बॉनेटवरचे आकडे

अमेरिकन हॉट रॉडचं, म्हणजे दांडगं इंजिन घालून वेगवान केलेल्या जुन्या गाड्यांचं, वेड असलेल्या मंडळींसाठी आधी एक इशारा. तिकडचे प्रसिद्ध आकडे मोजण्यासाठी कमी आणि मिरवण्यासाठी जास्त आहेत. फोर्डचं ३०२ घनइंचांचं इंजिन घ्या. बोअर चार इंच, स्ट्रोक तीन इंच, सिलिंडर आठ. हिशेब केला तर ४,९४२ सीसी, म्हणजे ४.९ लिटर. कंपनीने गाडीवर लिहिलं ५.०. दुसरं फोर्डचंच ४२७. प्रत्यक्षात ते ४२६ घनइंचांच्याही किंचित आतच भरतं. मग ४२७ कुठून आलं? शर्यतींची मर्यादा होती सात लिटर, आणि सात लिटर म्हणजे ४२७ घनइंच. मर्यादा मेट्रिक, मिरवणूक इंची. तेव्हा बॉनेटवरच्या बिल्ल्यावरून पिस्टन मागवू नका. एक घनइंच म्हणजे १६.३८७ सीसी एवढं लक्षात ठेवा आणि बोअर-स्ट्रोकवरून स्वतः हिशेब करा.

आपल्याकडे अशा इंजिनांची वानवा नव्हती. मुंबईत शिवडीला जनरल मोटर्सने १९२८ पासून गाड्या जुळवायला सुरुवात केली होती, फोर्डही मुंबईत होती. हॉट रॉडवाल्यांचं आद्यदैवत म्हणजे १९३२ चा फोर्ड फ्लॅटहेड व्ही-एट: बोअर तीन पूर्णांक एक सोळांश इंच, स्ट्रोक पावणेचार इंच, २२१ घनइंच, म्हणजे ३.६ लिटर. जुन्या घराण्यांच्या गॅरेजांतून असं एखादं इंजिन अजून निघतं. पण आपल्या बहुसंख्य वाचकांकडे असेल ती जीप, अँबॅसडर, फियाट, बुलेट नाहीतर जावा. त्यांचीच जन्मपत्रिका मांडू.

महिंद्राने १९४७ पासून मुंबईत विलीज जीप जुळवायला घेतल्या. त्यातल्या पेट्रोल जीपचं इंजिन चार सिलिंडरांचं: बोअर तीन पूर्णांक एक अष्टमांश इंच, स्ट्रोक चार पूर्णांक तीन अष्टमांश, एकूण १३४ घनइंच, म्हणजे २,१९९ सीसी. आटे अमेरिकन, बारीक आणि जाड अशा दोन्ही जातींचे. अँबॅसडरचं १,४८९ सीसीचं जुनं इंजिन बीएमसी या इंग्रजी कंपनीचं. बोअर दोन पूर्णांक सात अष्टमांश इंच, स्ट्रोक साडेतीन. इंग्रजी गाडी असली तरी त्या पिढीच्या इंजिनाचे आटे युनिफाइड जातीचे, म्हणजे अमेरिकेशी जुळणारे. नंतर तिच्यात इसुझूचं १,८०० सीसीचं इंजिन आलं, ते मेट्रिक. त्यामुळे अशा गाडीत इंजिनाचा बोल्ट एका मापाचा आणि सांगाड्याचा दुसऱ्या मापाचा निघतो. कुर्ल्याच्या प्रीमिअर कारखान्यातली फियाट मात्र इटालियन रक्ताची. बोअर ६८ मिलिमीटर, स्ट्रोक ७५, सगळं मेट्रिक. म्हैसूरची जावा चेक वंशाची, तीही मेट्रिक: ६५ आणि ७५.

बुलेट हे सगळ्यांत फसवं प्रकरण. ३५० बुलेटचा बोअर ७० आणि स्ट्रोक ९० मिलिमीटर. कागद वाचणाऱ्याला वाटतं गाडी मेट्रिक आहे. मग पाना लावला की कळतं! इंग्रज मोटरसायकलवाले इंजिनाचा आकार मिलिमीटर-सीसीत सांगत, कारण शर्यतींचे गट सीसीत असत. पण बोल्ट मात्र त्यांच्या खानदानी जाड व्हिटवर्थ, बारीक बीएसएफ आणि सायकल-आट्यांचे. मद्रासला १९५५ मध्ये एनफिल्ड इंडिया सुरू झाली तीच वंशावळ घेऊन. म्हणून बोअरच्या आकड्यावरून आट्यांचा अंदाज बांधू नये.

आणि मग आपल्या ग्रामीण महाराष्ट्राची खासियत: पेट्रोल जीपमध्ये डिझेल बसवलेली गाडी. प्यूजोच्या परवान्याचं महिंद्राचं २,११२ सीसीचं डिझेल इंजिन ९० बाय ८३ मिलिमीटरचं आहे, म्हणजे पूर्ण मेट्रिक. ते ज्या जीपच्या पोटात बसवलंय तिचा सांगाडा, स्प्रिंगा, ब्रेक हे सगळं इंची. मधल्या माउंटिंगवर जो बोल्ट बसवलाय तो कुठल्या मापाचा, हे बसवणाऱ्यालाच ठाऊक, आणि तो बहुधा आता गॅरेज सोडून द्राक्षबाग करतोय. अशी गाडी घेतली असेल तर पहिल्या रविवारी एकच काम करा. खडू घ्या, आणि जिथे मेट्रिक बोल्ट आहे तिथे पांढरी खूण करत सुटा.

पाने

अमेरिकन आणि युनिफाइड जातीच्या बोल्टला लागणाऱ्या पान्यावरचा आकडा बोल्टच्या डोक्याच्या दोन समोरासमोरच्या बाजूंमधलं अंतर सांगतो. व्हिटवर्थच्या पान्यावरचा आकडा डोक्याचा नसतो, आट्याच्या दांड्याची जाडी सांगतो. म्हणून ‘पाव इंची’ व्हिटवर्थ पान्याचं तोंड पाव इंच नसतं, ०.५२५ इंच असतं, म्हणजे १३.३ मिलिमीटर. त्याच पान्यावर दुसऱ्या बाजूला ५/१६ बीएसएफ असंही लिहिलेलं सापडेल. एकाच तोंडाची दोन नावं. बुलेटवाल्याने हा संच वेगळा घ्यावा, त्याला दुसरा उपाय नाही.

मोड्युलरप्रमाणे पान्यांतही समेटाच्या काही जागा आहेत. ३/४ इंच म्हणजे १९.०५ मिलिमीटर, तिथे १९ चा पाना बिनघोर चालतो. ५/१६ ला ८ चा, ५/८ ला १६ चा चालून जातो. इथेच मोह वाढतो. अर्ध्या इंचाला, म्हणजे १२.७ ला, लोक १३ चा पाना लावतात. हलका बोल्ट असेल तर निघतो, गंजलेला असेल तर डोकं गोल होतं. ७/१६ म्हणजे ११.११: ११ चा पाना जात नाही, १२ चा फिरतो. ९/१६ म्हणजे १४.२९: १४ अडतो, १५ घसरतो. इथे मिस्त्री पाइप पाना काढतो, आणि तो दिसला की मालकाने मिस्त्रीला चहा पाजायला बाहेर न्यावं आणि येताना योग्य गोटी (सॉकेट) घेऊन यावं. मुंबईत नागदेवी स्ट्रीटला आणि पुण्यात जुन्या बाजारात इंची पाने आणि गोट्या मिळतात. जुन्या बाजारात घेताना तोंड फाकलेलं नाही ना, ते व्हर्नियर लावून बघा. पुसट झालेल्या आकड्यावर विश्वास नको. एक गंमत: मिलिमीटरच्या गोटीच्या मागचा चौकोन, ज्यात हँडल बसतं, तो आजही सगळीकडे अर्धा किंवा ३/८ इंचीच असतो. मेट्रिकचा विजय तिथपर्यंत पोचलेला नाही.

आटे

पाना चुकला तर बोल्टचं डोकं जातं. आटा चुकला तर इंजिनाचं अंग जातं. म्हणून इथे घाई करायची नाही.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका लेथवाल्याकडे हे फार नीट बघायला मिळालं. गिऱ्हाइकाने वॉटर पंपाचा बोल्ट म्हणून नवा, चकचकीत आठ मिलिमीटरचा बोल्ट आणला होता. मिस्त्रीने पाना हातात घेतलाच नाही. भोक रॉकेलच्या फडक्याने पुसलं, बोल्ट दोन बोटांत धरला आणि फिरवला. एक आटा गेला, दुसरा अर्धा गेला आणि अडला. त्याने मान हलवली, बोल्ट उलटा फिरवून काढला आणि परत दिला. “साहेब, हा आपला नव्हे. पाव्हणा आहे.” मग खणातून आट्यांचा गेज काढला, पात्यांतलं एक जुन्या बोल्टवर टेकवलं, उजेडाकडे धरलं. दात आणि आटे यांच्यामधून उजेड येत नव्हता. चोवीस. म्हणजे एका इंचात चोवीस आटे. बोल्ट ५/१६ चा, बारीक आट्याचा.

ती परीक्षा प्रत्येकाने शिकावी. ५/१६ म्हणजे ७.९४ मिलिमीटर, त्यामुळे डोळ्यांना तो आठचाच वाटतो. पण त्याच्या दोन आट्यांमधलं अंतर १.०५८ मिलिमीटर, आणि नेहमीच्या आठच्या बोल्टचं १.२५. बोटांनी तीन-चार आटे सहज गेले नाहीत तर तो बोल्ट त्या भोकाचा नाही. ‘थोडा जोर लाव, जाईल’ हे वाक्य ज्या गॅरेजात ऐकू येतं तिथून इंजिन उचला. जीपचा ओतीव लोखंडी ब्लॉक एखादा अपमान सहन करेल, बुलेटची ॲल्युमिनियमची केसिंग नाही करणार. आटे गेलेच असतील तर हेलिकॉइल, म्हणजे आट्यांचं तारेचं अस्तर, बसवता येतं, पण तेही मूळ जातीचंच बसवा. भोक मोठं करून मेट्रिक टॅप मारणं सोपं असतं, पण त्याने पुढच्या माणसासाठी सापळा लावून ठेवल्यासारखं होतं.

व्हिटवर्थ आणि अमेरिकन यांतला फरक आणखी सूक्ष्म आहे. जोसेफ व्हिटवर्थने १८४१ साली आट्याचा कोन ५५ अंश ठरवला. अमेरिकेने ६० घेतला, मेट्रिकनेही ६०. दुसऱ्या महायुद्धात दोस्त राष्ट्रांचे नट एकमेकांच्या बोल्टला बसेनात, त्याचा धडा घेऊन १९४८ साली अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांनी युनिफाइड आटे मान्य केले. गोंधळ असा की पाव, ५/१६ आणि ३/८ या मापांत जाड व्हिटवर्थ आणि जाड अमेरिकन यांच्या आट्यांची संख्या सारखीच आहे: वीस, अठरा, सोळा. कोन वेगळा असूनही नट चढतो. अर्ध्या इंचाला मात्र व्हिटवर्थचे बारा आणि अमेरिकन तेरा. मडगार्डला, लायसन प्लेटला ही सरमिसळ चालते. हेड, कनेक्टिंग रॉड, स्टिअरिंग, ब्रेक या चार ठिकाणी ती करू नका.

ब्रेकच्या नळ्यांबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण तिथे आटा अडत नाही, उलट सैल जातो. ३/८ इंची बारीक आट्याचा नट मेट्रिक दहाच्या बारीक आट्याच्या भोकात शिरतो, थोडाफार घट्टही वाटतो, आणि कचकन ब्रेक दाबल्यावर बाहेर येऊ शकतो. जीपवर मेट्रिक मास्टर सिलिंडर बसवलेला असेल तर हा सांधा आधी तपासा. तेलाच्या नळ्यांचंही तसंच: अमेरिकन पाइपच्या अष्टमांश इंची आट्यांची संख्या सत्तावीस, ब्रिटिशांची अठ्ठावीस. ऑइल प्रेशरचं मीटर टपकत असेल तर टेफ्लॉन टेप गुंडाळत बसण्याआधी आटे मोजा.

या सगळ्या नियमांना एक अपवाद आहे, स्पार्क प्लग. शुद्ध इंची जीपमध्येसुद्धा प्लगचा आटा १४ मिलिमीटर, अंतर १.२५. प्लगच्या भोकात कुणाला इंची टॅप मारू देऊ नका.

लेथवर जाताना

आपल्या मिस्त्री मंडळींची दोन मापं आहेत: सूत आणि थाऊ. आठ सूत म्हणजे एक इंच, हजार थाऊ म्हणजेही एक इंच. सुताने पत्रा, पाइप, लाकूड मोजा. इंजिनाच्या आत थाऊशिवाय बोलू नका. एक थाऊ म्हणजे ०.०२५४ मिलिमीटर. दोन्हींमधला दुवा असलेला २५.४ हा आकडा १९५९ च्या जुलैपासून अमेरिका आणि राष्ट्रकुलातल्या देशांनी तंतोतंत ठरवून घेतला आहे. त्यात पंचवीस म्हणून चालत नाही.

रीबोअरिंगला जाताना लोक करतात ती चूक अशी. जीपचा मूळ बोअर ७९.३७५ मिलिमीटर. मेट्रिक मायक्रोमीटरवाला म्हणतो, “सरळ ऐंशी करून टाकू.” ऐंशी म्हणजे मुळापेक्षा ०.६२५ मिलिमीटर जास्त, म्हणजे जवळजवळ पंचवीस थाऊ. पिस्टन मिळतात वीस थाऊचे नाहीतर तीसचे. पंचवीसचा आणणार कुठून? सिलिंडर कापून झाला, आता पिस्टन शोधत फिरा. तीस थाऊ हवे असतील तर बोअर ८०.१३७ व्हायला हवा. गोल आकडा हा मायक्रोमीटरचा मित्र, इंजिनाचा नाही.

म्हणून क्रम पक्का ठेवा. आधी पिस्टन आणि रिंगा घरात यायला हव्यात. मग लेथवाल्याने पिस्टन प्रत्यक्ष मोजायचा, पुस्तकातली मोकळीक त्यात मिळवायची आणि त्या मापाला सिलिंडर कापून होन करायचा. जुन्या जीपसारख्या इंजिनात ही मोकळीक दोन-तीन थाऊंची असते. एवढ्यात एका थाऊची चूक म्हणजे एकतर पिस्टन धरणार, नाहीतर थंड असताना इंजिन टाळ वाजवणार. बेअरिंगांचंही तेच. इंची अंडरसाइझ दहा, वीस, तीस, चाळीस थाऊ. मेट्रिक पाव, अर्धा, पाऊण, एक मिलिमीटर. चाळीस थाऊ म्हणजे १.०१६ मिलिमीटर. सोळा मायक्रॉनचा फरक कागदावर हसण्यासारखा, पण ऑइलच्या पापुद्र्याला तेवढ्याच जागेत राहायचं असतं. क्रँक घासायला देताना नवी बेअरिंगं डब्यासकट बरोबर द्या आणि डब्यावरचा आकडा चिठ्ठीवर मापाच्या नावासह लिहा. ‘वीस’ असं नुसतं लिहू नका. ‘वीस थाऊ’ लिहा.

डिजिटल व्हर्नियर असेल तर त्यावर इंचाचं बटण असतं. ते एकदा दाबा आणि जीपचं काम संपेपर्यंत मिलिमीटरवर परत जाऊ नका. प्रत्येक वाचन मिलिमीटरमध्ये घेऊन मनात भागाकार करणारा माणूस दुपारी जेवणानंतर चुकतोच. फिलर गेजच्या पात्यांवर बहुधा दोन्ही मापं छापलेली असतात. टॅपेट लावताना पुस्तकात ०.०१५ असेल तर ०.०१५ चंच पातं घ्या.

घट्ट करण्याच्या आकड्यांत तीन एककं फिरतात. फूट-पाउंड, किलोग्रॅम-मीटर आणि न्यूटन-मीटर. साठ फूट-पाउंड म्हणजे ८१ न्यूटन-मीटर म्हणजे ८.३ किलोग्रॅम-मीटर. पुस्तकात नुसता साठ वाचून न्यूटन-मीटरच्या पान्यावर साठ लावलात तर प्रत्यक्षात चव्वेचाळीस फूट-पाउंडच बसतात; हेड गॅस्केट पुढच्या घाटात सांगेल. उलट चूक झाली तर स्टड तुटतो, आणि तुटलेला स्टड काढायला लागणारा दिवस आणि शिव्या वेगळ्या.

गॅलन तर दोन आहेत. अमेरिकन ३.७८५ लिटरचा, इंग्रजी ४.५४६ चा. जीपचं पुस्तक अमेरिकन, तिचे चार क्वार्ट म्हणजे एक अमेरिकन गॅलन, पावणेचार लिटर. तेच इंग्रजी समजून साडेचार ओतलंत तर जादा तेल सीलमधून रस्ता शोधतं. अँबॅसडरच्या पुस्तकात पाइंट दिसला तर तो इंग्रजी, ५६८ मिलिलिटरचा.

हॉट रॉड करायचीच असेल तर

हे वाचून कुणाच्या मनात जीपमध्ये व्ही-एट घालायचं येत असेल, तर थांबा. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ गाडीच्या नोंदणीतल्या मूळ तपशिलांत परवानगीशिवाय बदल करू देत नाही. इंजिन बदलायचं तर आधी आरटीओ. आणि गाडी पन्नास वर्षांपेक्षा जुनी असेल तर हिशेब आणखी वेगळा. जुलै २०२१ पासून अशा गाड्यांसाठी केंद्राची व्हिंटेज नोंदणी आहे. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये, दहा वर्षांची मुदत, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं. अट अशी की गाडी मूळ रूपात हवी; चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला चालत नाही. म्हणजे आज हौसेने घातलेलं मेट्रिक इंजिन उद्या ती नोंदणी घालवू शकतं. माझं मत विचाराल तर आपल्याकडे उरलेल्या थोड्या इंची इंजिनांना मूळ मापातच राहू द्यावं. वेगाची हौस असेल तर त्यासाठी नव्या गाड्या पुष्कळ आहेत.

शुद्धतेचा आग्रह मात्र एका मर्यादेपर्यंतच ठेवा. आजच्या गाडीचा टायर बघा: रुंदी मिलिमीटरमध्ये, रिम इंचात, आणि हवा पंपावर पाउंडात. जग असंच मिश्र मापांत चाललंय, त्याबद्दल तक्रार नाही. प्रश्न फक्त बोल्ट भोकात जाताना येतो.

चंडीगडला गेलात तर ओळखपत्र बरोबर ठेवा, कॅपिटल कॉम्प्लेक्स मार्गदर्शकाबरोबरच बघता येतं. तिथल्या ओपन हँडची उंची २६ मीटर सांगतील नाहीतर ८५ फूट. दोन्ही खरं माना. आणि घरी गाडीपाशी परतल्यावर एक वही करा: कोणत्या जागी कोणत्या जातीचा बोल्ट आहे, कुठे हेलिकॉइल बसवलंय, बोअर किती थाऊ वाढवलाय, बेअरिंग कोणतं घातलंय, सगळं एककासह लिहा. ती वही आरसी बुकाबरोबर ठेवा आणि गाडी विकाल तेव्हा नव्या मालकाच्या हातात द्या.